घरी वापरायचे करंटचे मशीन : दोन महिन्यांचा अनुभव

आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधारोपण झाले, तेव्हा पाय सरळ ठेवून टाच गादीवरून उचलणेही तिला जमत नव्हते. गुडघ्याला सूज असली की सांध्याकडून जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला दाबून ठेवतात आणि कितीही जोर लावला तरी तो पूर्ण आवळला जात नाही. त्यामुळे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही नागपूरच्या धंतोलीतल्या एका सर्जिकल दुकानातून त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून करंट देऊन स्नायू आवळायला लावणारे मशीन आणले; ते बॅटरीवर चालणारे, दोन चॅनेलचे (म्हणजे पट्ट्यांच्या दोन जोड्यांचे) आहे.

या मशीनचा सर्वांत मोठा गुण म्हणजे करंटचे आकडे आपल्याला स्वतः ठरवता येतात. सेकंदाला करंटचे दोन ठोके ठेवले तेव्हा प्रत्येक ठोक्याला गुडघ्याची वाटी टिचकी मारल्यासारखी वर सरके आणि लगेच खाली येई. दहा ठोक्यांवर मांडी थरथरू लागली, आणि पस्तीसवर ती थरथर थांबून स्नायू दगडासारखा घट्ट झाला, कारण तो सैल पडण्याआधीच पुढचा ठोका येऊन आधीच्या आकुंचनात मिसळत होता. "अरे, वाटी वर ओढल्यासारखी वाटते," असे आई म्हणाली, तेव्हा पट्ट्या योग्य जागी बसल्याची खात्री पटली. करंट मुख्यतः स्नायूत शिरणाऱ्या नसेला जागे करतो आणि नस स्नायूला, त्यामुळे पट्टी दोन बोटे इकडेतिकडे झाली तरी बराच फरक पडतो.

मशीनमधल्या तयार प्रोग्रामबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यात दहा सेकंद करंट आणि दहाच सेकंद विसावा आहे, आणि आठव्या आकुंचनापर्यंत तेवढ्याच करंटवर आईची मांडी ढिली पडू लागे. आपण स्वतः जोर लावतो तेव्हा शरीर आधी स्नायूतले लहान तंतुगट कामाला लावते आणि काम आळीपाळीने वाटते. करंट मात्र त्याच त्या तंतूंना एकदम, पुन्हा पुन्हा राबवतो, म्हणून ते लवकर थकतात. विसावा पन्नास सेकंदांचा केल्यावर शेवटचे आकुंचनही पहिल्याइतके दमदार येऊ लागले.

पट्ट्यांचा दर्जा निराशाजनक आहे. नागपूरच्या मे महिन्यात त्यांचा चिकट थर दोन आठवड्यांत सुकला आणि कडा उचलल्या गेल्या. सगळा करंट उरलेल्या लहानशा जागेतून जाऊ लागल्याने आईला मुंग्या डसल्यासारखे टोचे आणि त्वचेवर लाल चट्टे उठले. वेगळ्या, थोड्या मोठ्या पट्ट्या घेतल्यावर हा त्रास थांबला.

डब्यावर छापलेला 'बसल्या बसल्या व्यायाम' हा दावा मला पटत नाही. प्रत्येक आकुंचनाबरोबर आई स्वतःही गुडघा गादीवर दाबत असे आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम वेगळे सुरूच होते. पाचव्या आठवड्यात टाच उचलली गेली, ती या सर्वांमुळे. दुकानदाराने टेन्स, म्हणजे दुखणे कमी करण्यासाठी दिला जाणारा करंट, आणि हा प्रोग्राम एकच असल्याचे सांगितले, तेही चूक आहे. टेन्समध्ये नुसत्या झिणझिण्या येतात आणि स्नायूला बळ देणे हा त्याचा हेतूच नसतो.

पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वापरू नये, ही सूचना माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. ती डब्यावरच हवी होती. शेजारचे काका हे मशीन चार दिवसांसाठी मागायला आले, तेव्हा त्यांच्या छातीत पेसमेकर आहे हे मला ठाऊक होते म्हणूनच मी ते दिले नाही.