सेकंडहँड सर्व्हरवर काय टाकाल: डेबियन, उबुंटू की अल्मालिनक्स?

सेंटॉस ७ या लिनक्स सिस्टिमचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले, तरी मुंबईतल्या कितीतरी लहान ऑफिसांत तो अजून निवांत चालू आहे. बदलायचं ठरलं की दोन गोष्टी जोडीने येतात. एक, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेकंडहँड सर्व्हर, बहुतेक वेळा डेलचा आर७१० किंवा आर७२०. दुसरी, "आता यावर टाकायचं काय?" ही चर्चा. नावं फिरून फिरून तीनच निघतात: डेबियन १३, उबुंटू सर्व्हर २४.०४ आणि अल्मालिनक्स, किंवा त्याच घराण्यातला रॉकी. हे दोन्ही रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवर बेतलेले आहेत.

यांच्या फीचर्सची तुलना करण्यात वेळ घालवू नका. फाइल शेअरिंग, बॅकअप, एखादा डेटाबेस एवढ्याला तिन्ही पुरून उरतात. फरक आहे तो इन्स्टॉल करताना घोडं कुठे अडतं यात. आणि ते बरंचसं पेटीच्या आत काय आहे त्यावर अवलंबून असतं, तुमच्या आवडीवर नाही.

आधी पेटी उघडा

दुकानदाराला मशीन चालू करून दाखवायला सांगा. बूट होताना रेड कंट्रोलरचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाचं (RAID, रेड हॅटशी संबंध नाही), नाव स्क्रीनवर येतं. कंट्रोल-आर दाबलं की त्याचा मेनूही उघडतो. पर्क ६आय, एच७००, एच३१० या डेलच्या जुन्या कार्डांपैकी काही दिसलं तर इथेच थांबून विचार करा. रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून या जुन्या कार्डांचा आधार ड्रायव्हरमधून काढून टाकला. कार्ड ठणठणीत असतं, डिस्कही ठीक असतात, पण रॉकी ९ चा इन्स्टॉलर "डिस्कच नाही" म्हणून हात वर करतो. लोक मग केबल बदलतात, डिस्क बदलतात, दुकानदाराशी भांडतात. खरा उपाय म्हणजे ईएलरेपो या रेड हॅट घराण्यासाठी जादा ड्रायव्हर पुरवणाऱ्या प्रकल्पाची ड्रायव्हर डिस्क दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेणं आणि बूट होताना इन्स्टॉलरला ती दाखवणं. काम होतं, पण पुढे कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला की तोच ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळतोय ना, ही काळजी तुमच्या मागे कायमची लागते.

इथे अल्मालिनक्सने वेगळी वाट धरली. ९.४ पासून त्यांनी असे वगळलेले बरेच ड्रायव्हर परत घातले. त्यात मेगारेड (पर्क कार्डं याच ड्रायव्हरवर चालतात) आणि एचपीच्या जुन्या स्मार्ट अ‍ॅरेचेही आहेत. त्यामुळे जुन्या पेटीवर अल्मा की रॉकी या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, अल्मा. डेबियन आणि उबुंटूत हा प्रश्नच येत नाही. त्यांच्या कर्नलमधून ही कार्डं कधी गेलीच नाहीत.

दुसरी गोष्ट प्रोसेसर. रेड हॅट १० आणि रॉकी १० ला एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरांतला सूचनांचा एक संच) असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे झिऑन ई५ मध्ये व्ही३ किंवा त्यापुढचा. आर७३० मध्ये तो असतो, आर७२० मध्ये नसतो. दिसायला दोन्ही सारखेच, भावात थोडाच फरक, आणि घासाघीस करताना हा मुद्दा कुणीच काढत नाही. आर७२० वर रॉकी १० बूटच होणार नाही. अल्माने १० साठी जुन्या प्रोसेसरांची वेगळी आवृत्ती काढली आहे, ती चालते. मात्र बाहेरच्या कंपन्यांनी रेड हॅट १० साठी बनवलेली पॅकेजेस तिच्यावर चालतीलच याची खात्री धरू नका. आर७२० असेल तर अल्मा ९ बरा. त्याला २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

डिस्कचा एक घोळ मात्र सगळ्यांना सारखाच. स्वस्तात मिळणाऱ्या सॅस (सर्व्हरसाठीच्या) डिस्कपैकी काही मोठ्या स्टोरेज यंत्रांतून काढलेल्या असतात आणि त्यांचा सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा सगळ्यात लहान तुकडा, ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो. डिस्क ओळखली जाते, आकारही दिसतो, पण पार्टिशन काही होत नाही. एसजी-फॉरमॅट ही कमांड वापरून सेक्टर ५१२ चा करून घ्यावा लागतो. तोही रेड कंट्रोलरमागून नव्हे, डिस्क साध्या एचबीए कार्डाला, म्हणजे रेड न करणाऱ्या कार्डाला, थेट जोडून. एकेका डिस्कला काही तास जातात आणि मधेच वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात. यूपीएसवर लावूनच हे करा. त्यापेक्षा घेतानाच "५१२ ची आहे ना?" विचारलेलं परवडतं.

उबुंटू: सोपा दिसतो, आणि बराचसा आहेही

तिघांत इन्स्टॉलर सगळ्यात चटपटीत उबुंटूचा. पण त्याची एक खोड अशी आहे की ती महिन्याभराने कळते. एलव्हीएमचा (डिस्कची जागा नंतर वाढवता येणाऱ्या भागांत वाटायची सोय) तयार पर्याय घेतला आणि डिस्क २०० जीबीपेक्षा मोठी असली, तर तो रूटला, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य भागाला, फक्त १०० जीबी देतो आणि बाकीची जागा नुसती पडून राहते. दोन टीबीची डिस्क लावूनही एका सकाळी "डिस्क फुल" येतं आणि अकाउंट्सवाले फोनवर फोन करतात. इन्स्टॉल करताना स्टोरेजच्या पडद्यावर "उबुंटू-एलव्ही" वर जाऊन आकार वाढवला की प्रश्न मिटला. राहून गेलं असेल तर नंतर एलव्हीएक्स्टेंड या कमांडला सगळी रिकामी जागा आणि फाइल सिस्टिमही सोबत वाढवायचा पर्याय देऊन, चालू मशीनवरच, मिनिटभरात होतं. डेटा जात नाही. घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नका.

दुसरी खोड जुन्या डिस्कची. आधीच्या मालकाचे रेड किंवा एलव्हीएमचे अवशेष डिस्कवर असतील तर इन्स्टॉलर अर्ध्यात कोलमडतो आणि चूक काय ते धड सांगत नाही. शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या पडद्यावर) जाऊन वाइपएफएस या कमांडने डिस्क साफ करा, मग पुन्हा सुरू करा. आणि कुठल्या डिस्कवर चालवताय ते दोनदा बघा, तिथे परतीची वाट नाही.

बूट होताना दोन मिनिटं नेटवर्कची वाट बघत मशीन थांबलं तर चार लॅन पोर्टांपैकी तीन रिकामे आहेत एवढंच समजा. नेटप्लॅन या नेटवर्कच्या सेटिंग फाइलमध्ये त्या पोर्टांना "ऑप्शनल" लिहून टाका. एसएसएचचा, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सेवेचा, पोर्ट क्रमांक बदलूनही बदलत नसेल, तर २४.०४ मध्ये तो सिस्टिमडीच्या, म्हणजे सेवा चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, सॉकेटकडून चालतो; सिस्टिमडी रीलोड करून एसएसएच सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं.

डेबियन: आता पूर्वीसारखा हट्टी नाही

डेबियनची जुनी बदनामी फर्मवेअरमुळे होती. आर७१० च्या ब्रॉडकॉम लॅनला लागणारी फाइल इन्स्टॉलरमध्ये नसायची, ती वेगळ्या पेनड्राइव्हवर द्यावी लागायची. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. ही तक्रार कुणी अजून करत असेल तर त्याने बऱ्याच वर्षांत डेबियन टाकलेला नाही.

उरतात त्या किरकोळ गोष्टी. रूट या मुख्य युजरचा पासवर्ड दिलात तर तुमच्या युजरला सुडो (रूटचे अधिकार) मिळत नाही. तो रकाना रिकामा सोडला की मिळतो. डीव्हीडी इमेजवरून टाकलं तर नंतर पॅकेज घेताना "डिस्क घाला" म्हणतो. सोर्सेस लिस्टमधली सीडीरॉमची ओळ काढा. १३ मध्ये नवीन म्हणजे टेंपचं फोल्डर आता रॅममध्ये असतं. तिथे मोठा बॅकअप उलगडायची सवय असेल तर रॅम भरेल. टेंप-माउंट ही सिस्टिमडीची सोय मास्क (बंद) केली की ते पुन्हा डिस्कवर येतं.

आर७१० किंवा आर७२०, आणि रोज लक्ष द्यायला ऑफिसात कुणी नाही, अशा जोडीला मी डेबियन सुचवेन. हलका आहे, जुन्या कार्डांना नाक मुरडत नाही. आधार मात्र एकूण पाचच वर्षं: तीन पूर्ण, दोन वाढीव. उबुंटूचा नेहमीचा आधारही २०२९ पर्यंतच. दीर्घ आयुष्यात अल्मा या दोघांच्या पुढे आहे.

अल्मा कुणी घ्यावा

तुमचा सॉफ्टवेअरवाला "फक्त रेड हॅटवर सपोर्ट देतो" म्हणत असेल, तर वाद न घालता अल्मा घ्या. इन्स्टॉलनंतर सांबा शेअर (विंडोज मशीनना दिसणारं फोल्डर) दिसत नाही म्हणून एसईलिनक्स (सिस्टिमचं सुरक्षा कवच) बंद करायचा सल्ला चटकन मिळेल. तो ऐकू नका. आधी फायरवॉलमध्ये सांबा उघडा, मग फोल्डरला सांबाचं लेबल लावा. लेबल लावायचं सेमॅनेज हे साधन मिनिमल इन्स्टॉलमध्ये नसतं, त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, आणि लोक कंटाळतात ते नेमकं इथे. शेवटी ते लेबल लागू करायला रीस्टोअरकॉन चालवा. एवढं एकदा केलं की पुन्हा बघावं लागत नाही.

आणि विंडोज सर्व्हर?

टॅली सर्व्हरवर चालवायची असेल तर विंडोजला पर्याय नाही. तेव्हा खर्चाचा हिशोब मशीनच्या किमतीवर करू नका: लायसन्स किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं, शिवाय युजरगणिक किंवा डिव्हाइसगणिक कॅल (सर्व्हर वापरायचं लायसन्स) वेगळे. डिस्क दिसली नाही तर "लोड ड्रायव्हर" मधून रेड कंट्रोलरचा ड्रायव्हर द्या. आणि आवृत्तींच्या यादीत "डेस्कटॉप एक्स्पीरियन्स" लिहिलेली ओळच निवडा. सवयीने पहिल्या ओळीवर एंटर मारलात तर सर्व्हर कोअर बसतो, म्हणजे नुसती काळी खिडकी. २०१६ पासून त्यावर नंतर डेस्कटॉप चढवता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून टाकावं लागतं.