पहाटे पाच, सकाळी साडेसात की संध्याकाळ? हिवाळ्यात आपल्याकडे पळणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात एकाच प्रश्नाचे दोन फोन आले. पहिला गंगाखेडकडच्या गावातून, भाच्याचा. "मामा, पहाटं पाचला पळायलो, तर आई रोज रागावायली. सातला पळू का?" त्याची पोलीस भरतीची तयारी चालू आहे. दुसरा फोन इथल्याच, परभणीतल्या मित्राचा. वय ५२, बँकेत नोकरी, बीपीची गोळी सुरू. डॉक्टरांनी हळूहळू पळायला हरकत नाही म्हटलंय, तर वेळ कोणती धरू, असं विचारत होता. दोघांना मी वेगवेगळी उत्तरं दिली.

आधी थंडीचं बघू, कारण भीती सगळी तिचीच घातली जाते. परभणीचा पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो, आणि मग टीव्हीवाले कृषी विद्यापीठाच्या नोंदी वाचून दाखवतात. पण अशा पहाटा हंगामात मोजक्याच. एरवी आठ-बारा अंश, आणि दुपारी परत पंखा लावावा इतकं ऊन. या थंडीत धडधाकट माणूस दहा मिनिटांत घामाघूम होतो. आपल्याकडे पळणाऱ्याला खरा धोका अंधाराचा आणि उसाच्या ट्रॉल्यांचा आहे. थंडीचा नंबर त्यांच्यानंतर लागतो.

जानेवारीत परभणीत सूर्य उगवतो सातच्या सुमारास. त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं नीट दिसायला लागतं. म्हणजे पाच वाजता रात्रच असते, आपण तिला पहाट म्हणतो इतकंच. पाचचे फायदे नाकारत नाही. रस्ता मोकळा, डोकं शांत, पळून आल्यावर शेतातली किंवा क्लासची कामं सुरू करता येतात. भरतीची मैदानी चाचणीही बहुधा सकाळीच असते, तेव्हा शरीराला त्या वेळेची सवय लागलेली बरी. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, ५० पैकी २० गुण त्याचेच. त्यामुळे गावोगावी हायवेच्या कडेला पोरं-पोरी पळताना दिसतात.

आणि त्याच रस्त्यावर त्याच वेळी ऊस चाललेला असतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कारखान्याकडे रात्रंदिवस रांग. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा असला तर असला. समोरून एकच दिवा दिसला की आपण मोटरसायकल समजतो, आणि असतो एका डोळ्याने आंधळा ट्रॅक्टर. आत डेक जोरात लावलेला, त्यामुळे तुमची हाक ड्रायव्हरच्या कानावर जात नाही. तुमच्याही कानात हेडफोन असतील तर मग विचारायलाच नको.

फूटपाथ नसेल तिथे उजव्या बाजूने, समोरच्या गाड्या दिसतील असं पळायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यात एक मेख आहे. भरलेला ट्रॅक्टर रेंगाळत जातो, म्हणून मागची जीप त्याला ओलांडायला उजवीकडे येते, म्हणजे थेट तुमच्या पाठीवर. तेव्हा मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की कडेने पळत राहू नका. डांबर सोडून खाली उतरा, दोघंही पुढे जाऊ द्या.

आणखी एक वस्तू म्हणजे दगड. ट्रॉली बिघडली की सावधगिरीसाठी मागे मोठमोठे दगड मांडतात. ट्रॉली दुरुस्त होऊन जाते, दगड तिथेच राहतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दगडाने माझा घोटा मुरगळला आणि सव्वा महिना घरात बसवलं. तेव्हापासून मी अंधारात डांबरी रस्त्यावर पळत नाही. भाच्याला तेच सांगितलं: पाचला पळायचं तर शाळेच्या मैदानावर, नाहीतर अजिबात नाही.

मग आईच्या समाधानासाठी साडेसहाला निघावं का? इथे गंमत आहे. रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते, म्हणून सगळ्यात जास्त गारठा पाचला नसून सूर्य उगवायच्या आसपास असतो. "जरा उशिरा निघालो, थंडी कमी होईल" असं म्हणून साडेसहाला बाहेर पडणारा नेमका कडाक्यात सापडतो. शिवाय शेकोट्यांचा, चुलींचा आणि शहरात जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्या वेळी वर जात नाही. खालची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असल्यामुळे तो गल्लीतच तरंगत राहतो. दम्याच्या माणसाला गार, कोरडी हवा आणि धूर या दोन्हींचा त्रास एकदमच होतो. अशांनी नाकातोंडावर सुती रुमाल बांधावा, इनहेलर खिशात ठेवावा आणि धुराचा वास येतोय तोवर घरातच दोरीवरच्या उड्या माराव्यात. साडेसहाच्या बाजूने एकच गोष्ट आहे, उजेड. तरण्याताठ्या माणसाला तेवढी पुरते.

साडेसात-आठ ही मित्राला सांगितलेली वेळ. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यात झोपेतून उठल्यावरच्या पहिल्या काही तासांत तो तसाही चढलेलाच असतो. पन्नाशीच्या माणसाने अंथरुणातून उठून थेट गारठ्यात धाव घेणं म्हणजे हृदयावर दुहेरी ओझं. तासभर घरात वावरायचं, कोमट पाणी प्यायचं, उन्हं अंगणात आली की बाहेर पडायचं, पहिली दहा मिनिटं नुसतं चालायचं. छातीवर दडपण आलं, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. "गॅस झाला असेल" म्हणत घरी ओवा चघळत बसायचं नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पळू नये, आणि खिशात साखर किंवा गुळाचा खडा असू द्यावा.

या वेळेची अडचण म्हणजे शाळेच्या बस, रिक्षा आणि दुधाच्या गाड्या. मित्राला त्याची फिकीर नाही, तो कृषी विद्यापीठाच्या आवारात जाणार आहे. छत्रपती संभाजीनगरकरांना विद्यापीठाचा परिसर आणि गोगाबाबा टेकडी आहे, लातूर-नांदेडात क्रीडा संकुल, स्टेडियम. जिथे अशी जागा आहे तिथे साडेसातची वेळ निर्धोक. जिथे नाही तिथे ऑफिसची घाई आणि तुम्ही एकाच रस्त्यावर येता, आणि मग सुट्टीचा दिवसच बरा.

संध्याकाळ लोकांना आठवतच नाही, याचं मला नवल वाटतं. चार ते साडेपाच या वेळात अंग मोकळं असतं, स्नायू आखडलेले नसतात, हवा उबदार असते, वेगही जास्त निघतो. जेवण दुपारी एकला झालेलं असलं म्हणजे झालं. पण सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिवेलागणीला रस्ता एकदम बिघडतो: घरी परतणारे दुचाकीवाले, गुरं, धूळ, डोळ्यांवर येणारे दिवे. साडेपाचला परतता येणार असेल तरच ही वेळ घ्या.

जागेबद्दल थोडं. पांदणीतून पळणं छान वाटतं, गाड्यांचा त्रास नाही, वाटेत एखाद्याच्या शेतात हुरडाही मिळून जातो. पण पावसाळा संपला की काळ्या रानाला भेगा पडतात आणि वाळलेल्या गवतामुळे त्या दिसत नाहीत. चाकोरीतही एक पाय वर, एक खाली राहतो. पांदण फक्त लख्ख उजेडात, आणि ओळखीचीच.

कुत्र्यांचं म्हणाल तर हिवाळ्यात बऱ्याच कुत्र्यांची पिलं लहान असतात आणि आई कुणालाच जवळ फिरकू देत नाही. पळणाऱ्यामागे ती लागतेच. थांबा, पाठ न फिरवता सावकाश मागे सरा. चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. हळद-चुना लावायचा नाही.

कपड्यांत फार डोकं घालवू नये. आत घाम वाळणारा पातळ टी-शर्ट, वर चेन असलेलं जॅकेट, कानटोपी. जाड सुती बनियन घामाने भिजतं आणि परतताना तेच गार पडतं. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि येताना वारा पाठीवर घ्यावा. तहान लागत नसली तरी पळून आल्यावर पाणी प्यावं, आपली हवा कोरडी आहे. आणि अंधारात पळणारच असाल तर नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून पट्ट्या घेऊन जॅकेटच्या पाठीवर, दंडावर आणि बुटांच्या टाचेवर चिकटवा. हलणारी टाच लांबून ओळखू येते.

भाच्याने शेवटी आठवड्यातले चार दिवस पाचला शाळेचं मैदान आणि दोन दिवस संध्याकाळी साडेचारला रस्ता असं ठरवलं. त्याची आई मैदानाला तयार झाली, कारण तिथे आणखी सात-आठ पोरं असतात. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "मामा, हात लई गारठायलेत, हातमोजे घेऊ का?" म्हटलं, पैसे घालवू नकोस, जुने पायमोजे हातात घाल, गरम झालं की कमरेला खोच.