कामट्यांचा, पट्ट्यांचा की किटचा? मुलांसोबत आकाशकंदील करायचा तर

दिवाळीला घरी कंदील करायचं मुलांना कबूल केलं असेल, तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात शिरण्याआधी एकदा स्वतःच्या गॅलरीत उभं राहून वारा बघा. नौपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावर ग्रिलच्या आत जो कंदील पंधरा दिवस सुखानं लटकतो, तोच घोडबंदर रोडवर अठराव्या मजल्याच्या उघड्या बाल्कनीत एका रात्रीत फाटू शकतो. वाशी-नेरूळमध्ये खाडीकडे तोंड असलेल्या घरांचंही तेच. दुसरी बघायची गोष्ट म्हणजे घरातलं सर्वांत लहान मूल. मोठ्याच्या कुवतीचा कंदील निवडला की धाकटं नुसतं बघत बसतं आणि अर्ध्या तासात रडारड सुरू होते.

तिसरी गोष्ट तारखेची. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळी ऑक्टोबरात आली की संध्याकाळची एखादी सर गृहीत धरायची. पतंगी कागद भिजला की नुसता फाटत नाही, त्याचा रंग उतरतो. लाल किंवा जांभळा कंदील भिंतीला टेकलेला असेल, तर खाली ओघळ दिसतात आणि ते पुसून जात नाहीत.

कामट्यांचा कंदील

मूल नऊ वर्षांच्या पुढचं असेल आणि दोन संध्याकाळी मोकळ्या असतील, तर हाच करा. तिन्हींत सर्वांत जास्त कष्ट यालाच आहेत, पण मुलाला यात खरोखर काहीतरी बांधायला मिळतं.

सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात. फ्लॅटच्या गॅलरीसाठी २० सेंटिमीटरची बाजू पुरते: कंदील सुमारे २८ सेंटिमीटर उंच होतो आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० सेंटिमीटर भरतो. २५ ची बाजू घेतली तर हीच रुंदी ५० होते आणि ग्रिलमध्ये मावत नाही. गाठीसाठी दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंटिमीटर सोडायचा, म्हणून प्रत्येक कामटी २१ सेंटिमीटर कापायची. पहिली कापलेली कामटी माप म्हणून बाजूला ठेवा आणि उरलेल्या २३ तिच्यावरच मोजा. दरवेळी आधी कापलेली कामटी माप म्हणून घेतली, तर चूक वाढत जाते आणि शेवटची कामटी पहिलीपेक्षा चांगली बोटभर वेगळी निघते.

कापण्याआधी कामट्या अर्धा तास पाण्यात ठेवल्या की चिरत नाहीत. पण ओल्या कामट्या बांधू नका. वाळताना त्या आकसतात आणि गाठी सैल पडतात. रात्रभर पंख्याखाली वाळवून, कुसळं पॉलिश पेपरनं घासून, मगच मुलांच्या हातात द्या.

बांधणी अशी: आधी चार चौकोन करायचे (१६ कामट्या). ते कोपऱ्यावर उभे करून शेजारच्या चौकोनाला बाजूच्या टोकाशी बांधत गोल पूर्ण करायचा. मग वरची चार टोकं चार कामट्यांनी जोडायची आणि खालची चार टोकं उरलेल्या चारांनी. सहा चौकोन आणि आठ त्रिकोण तयार होतात, प्रत्येक कोपऱ्यात चार कामट्या येतात. दोरा सुती घ्या. नायलॉनची गाठ गुळगुळीत कामटीवरून घसरते.

इथे बहुतेक घरांत काम अडतं. सगळ्या गाठी घट्ट असूनही सांगाडा हातात धरला की पिळवटून खाली बसतो. मुलांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं काहीच नसतं. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र तिरका होतो, आणि इथे चौकोन सहा आहेत. वरच्या आणि खालच्या चौकोनात साधारण २९ सेंटिमीटरची एकेक तिरकी कामटी बांधा, बाजूच्या चार चौकोनांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखा दोरा ताणा. सांगाडा ताठ होतो. वरच्या तिरक्या कामटीला बल्बची वायर बांधता येते, त्यामुळे ती कामटी काढायची नाहीच.

कागद चिकटवायला खळ. दोन मोठे चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की गॅस बंद. टिकावी म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असतं, मुलं हात घालणार असतील तर ते नकोच. त्या दिवसापुरतीच खळ करा. डिंकाच्या बाटलीपेक्षा आणि फेविकॉलपेक्षा खळ बरी, कारण ती पातळ हात फिरवून लावता येते. जाड थराखाली पतंगी कागद सुरकुततो.

चौकोनाचा कागद २२ बाय २२ कापायचा, म्हणजे चहूबाजूंनी एक सेंटिमीटर दुमडायला मिळतो. त्रिकोणाचं गणित मात्र वेगळं आहे. त्याची बाजूही २२ धरली तर दुमडायला जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरतो आणि कागद सुटून येतो. त्रिकोणाची बाजू साडेतेवीस ठेवा. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच राहू द्या, हवा खेळायला तो मार्ग लागतो. चिकटवताना समोरासमोरच्या बाजू जोडीनं घ्या. खळ वाळताना कागद ताणला जातो, त्यामुळे एकाच बाजूनं चिकटवत गेलात तर सांगाडा तिकडे ओढला जातो. दोन रंगांचे दोन-दोन ताव घेतले की शेपट्यांसकट भागतं. जिलेटीन पेपर दिसायला चमकदार, पण त्यावर खळ धरत नाही.

शेपट्या दोन सेंटिमीटर रुंद. खालच्या मजल्यावर हातभर लांब छान दिसतात. वाऱ्याच्या गॅलरीत ३० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका, त्या वायरीला गुंडाळल्या जातात आणि कागद बुडापासून फाडतात. धाकट्या भावंडाला द्यायचं काम हेच: शेपट्या कापणं आणि त्यांच्या टोकांना झिरमिळ्या पाडणं.

पट्ट्यांचा कंदील

चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी याला तोड नाही. ए-४ आकाराची रंगीत कार्डशीट लांबीच्या दिशेनं दुमडायची, मोकळ्या कडेपासून तीन सेंटिमीटरवर पेन्सिलनं रेघ मारायची, आणि घडीच्या बाजूनं दीड-दीड सेंटिमीटरवर त्या रेघेपर्यंत काप द्यायचे. उलगडून गोल वळवा, चिकटवा, वर कागदाचीच मूठ लावा. वीस मिनिटांत कंदील हातात येतो.

मुलं दोन चुका हमखास करतात. एक, घडीऐवजी मोकळ्या कडेकडून कापतात, आणि कागद उलगडला की पट्ट्या सुट्या पडतात. कात्री देण्याआधी घडीवर एक ठिपका काढून "इथून सुरुवात" एवढं सांगितलं की पुरे. दुसरी चूक, कंदील फुगत नाही, नळकांड्यासारखा सरळ राहतो. त्यासाठी आत पिवळ्या कागदाचं १८ सेंटिमीटर उंचीचं नळकांडं बसवायचं. बाहेरचा कागद २१ चा आहे. त्याची वरची आणि खालची कड आतल्या नळकांड्याच्या कडांना चिकटवली की मधल्या पट्ट्या आपोआप बाहेर येतात. प्रिंटरचा साधा कागद वापरू नका, दमट हवेत तो दुसऱ्या दिवशी मान टाकतो.

हा टांगायचा घरात, दारावर किंवा देवघरापाशी. आठ-दहा करून एलईडीच्या माळेत ओवले तर सोसायटीच्या लॉबीतही शोभून दिसतात. गॅलरीतल्या मुख्य कंदिलाची जागा मात्र तो घेऊ शकत नाही: कार्डशीटमधून उजेड येत नाही आणि वाऱ्यापुढे तो टिकत नाही.

किटचा कंदील

राम मारुती रोडवर किंवा वाशीच्या दुकानांत कापून तयार केलेले तुकडे पाकिटात मिळतात, कार्डशीटचे किंवा एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पातळ फळीचे). खाचेत खाच अडकवायची, टिकल्या-आरसे लावायचे, पाऊण तासात काम संपतं. तिन्हींत महाग हाच. मुलाच्या हाताला यात सजावटीपलीकडे काही येत नाही, म्हणून वेळ असेल तर आमचा कौल याला नाही. दोन घरांना मात्र तो बेशक घ्यावा: जिथे वसुबारसेच्या आदल्या दिवशी जाग आली आहे, आणि जिथे इमारतीतली दहा-बारा मुलं एकत्र बसवायची आहेत. इतक्या मुलांपुढे कटर आणि कामट्या ठेवणं धोक्याचं.

घेताना पाकिटातली दुहेरी टेप बघा. दमट हवेत ती सुटते. प्रत्येक जोडावर फेविकॉलचा एकेक थेंब द्या. एमडीएफ ओला झाला की फुगतो आणि खाचा बसत नाहीत, म्हणून तो ग्रिलच्या आतच.

दिवा, कुठल्याही कंदिलात

तीन ते पाच वॅटचा एलईडी भरपूर होतो. घरात पडून असलेला जुना तारेचा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब लावू नका; तो घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच घालवतो आणि पतंगी कागद आधी तपकिरी पडतो, मग पेटतो. मोठ्या कंदिलात बल्ब कागदापासून निदान आठ सेंटिमीटर दूर, बरोबर मध्यावर. कंदिलाचं वजन वायरीवर येता कामा नये: टांगायला वेगळी सुतळी, वायर तिच्याभोवती सैल. अठराव्या मजल्यावर खालूनही एक दोरी ग्रिलला बांधा, म्हणजे कंदील गरगर फिरत नाही. कार्डशीटच्या छोट्या कंदिलात पणती किंवा मेणबत्ती कधीही नाही, क्षणभरही नाही.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवाल तेव्हा कामट्यांचा सांगाडा टाकू नका. ओल्या फडक्यानं कडा भिजवा, दहा मिनिटांत खळ मऊ पडते आणि कागद अखंड निघतो. खळीचा अंशही कामटीवर ठेवू नका, झुरळं आणि कसर त्यावरच येतात. दोन दिवस ऊन दाखवून सांगाडा माळ्यावर आडवा न ठेवता खिळ्याला टांगा. पुढच्या दिवाळीला फक्त सैल झालेल्या गाठी बदलायच्या आणि नवा कागद लावायचा.