दगडी वाड्यातलं वायफाय: दिवाळीपासून गणपतीपर्यंतचा अनुभव

जाड दगडी भिंतींच्या घरात वायफाय नीट चालवायचं असेल, तर राउटरवरचा खर्च आवरा आणि वायरीवर करा. आमच्याकडे ही सगळी मांडणी दिवाळीनंतर झाली, आता गणपती तोंडावर आलेत. थंडी, ग्वाल्हेरचा मे महिना आणि पाऊस, तिन्ही त्यावरून गेले, म्हणून आता खात्रीने लिहितोय. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. या वर्गातली उपकरणं चार-पाच जण बनवतात आणि खालचं बहुतेक सगळं त्यातल्या कुठल्याही उपकरणाला लागू पडतं.

आधी घर सांगतो, कारण सगळं त्यावरच ठरलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचाच पुढे ग्वाल्हेर शहरातला लष्कर हा भाग झाला. तिथल्या जुन्या वाड्यांपैकी आमचा एक. रस्त्याकडे बैठक, मध्ये उघडा चौक, भोवती पडवी, मागे माजघर आणि स्वयंपाकघर, वर माडी. भिंती वालुकाश्माच्या, दोन-दोन फूट जाड. छताला लाकडी तुळया आणि त्यावर दगडाच्या पटिया. उन्हाळ्यात अशा घराचं सुख असतं, पण रेडिओ लहरींना ही भिंत ओलांडवत नाही.

फायबर बैठकीत येतो आणि तिथेच कंपनीचा ओएनटी, म्हणजे फायबर जोडायचा डबा, आहे. त्याचं वायफाय बैठकीत -४५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दाखवायचं, माजघरात पाऊल टाकलं की -८०. शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरदार, आणि दर १० आकड्यांना ताकद दहा पटींनी घटते. म्हणजे एका भिंतीपलीकडे गेलं की तीन हजार पटींहून जास्त घट. व्हिडिओ कॉल अडखळू नये म्हणून नेटवर्कचं काम करणारे -६७ ही मर्यादा धरतात, हे लक्षात घेतलं की आमच्या मागच्या खोल्यांत काय होत असेल ते कळेल. त्यातही ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ पेक्षा लवकर दमते. दगडात तर फारच.

दुकानात गेलं की सहा-आठ अँटेनांचा राउटर पुढे केला जातो. त्याने आमच्यासारख्या घरात फारसा फरक पडत नाही, कारण बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. राउटर गच्चीवरून ओरडला तरी चौकातल्या माणसाचं पुटपुटणं त्याला ऐकू आलं पाहिजे ना? फोनचा रेडिओ छोटा, बॅटरी वाचवत चालणारा. त्याचं उत्तर भिंतीतच विरतं. आलेलं वायफाय पुढे देणारा एक्स्टेंडरही आमच्याकडे आधी होता. एकच रेडिओ ऐकणार आणि तोच पुन्हा बोलणार, त्यामुळे वेग सरळ निम्म्यावर येतो. शिवाय तो स्वतःच भिंतीमागे, तर पुढे देणार काय? बिनवायरीच्या मेशचंही (एकमेकांशी जोडलेले अनेक वायफाय डबे) दगडी घरात तेच होतं. मेशचे डबे वायरीने जोडले तर मात्र ते उत्तम चालतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आमची मांडणी अशी. बैठकीत ओएनटी, त्याचं वायफाय बंद. त्याला लागून वायफाय ६ चा साधा गिगाबिट राउटर आणि पाच पोर्टचा पीओई स्विच, म्हणजे एका केबलचं नेट अनेक केबलींत वाटणारा डबा. तिथून कॅट ६ केबल तीन ठिकाणी गेलीय: चौकाच्या पडवीत वायफाय पसरवणारा एक डबा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, माडीवरच्या मागच्या खोलीत दुसरा, आणि आजोबांच्या खोलीत घरातलाच जुना राउटर, ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर टाकून अ‍ॅक्सेस पॉइंट केलेला. पीओईमुळे अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज त्याच केबलमधून मिळते, जवळ प्लग लागत नाही. जुन्या वाड्यात हवं तिथे प्लग कुठून आणणार? मजुरी धरून सगळं वीस हजारांच्या आत बसलं.

चौकातला अ‍ॅक्सेस पॉइंट हा या मांडणीचा जीव. वाड्याचा चौक म्हणजे घराच्या पोटातली मोकळी जागा, आणि बहुतेक खोल्यांची दारं-खिडक्या तिकडेच उघडतात. भिंतीशी झुंजण्यापेक्षा दारातून आत शिरायचं. पडवीत लावलेला हा एकच डबा खालचं माजघर, जिना आणि वरची गॅलरी सांभाळतो. माजघरात आता -५८ च्या आसपास मिळतं. दार लावलं की थोडं घसरतं, पण काम अडत नाही.

केबल नेण्याचं काम मात्र चिवट. इलेक्ट्रिशियनने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "भैया, इसमें छेद करोगे तो पूरा दिन जाएगा." म्हणून छेद जवळजवळ केलेच नाहीत. जुन्या टेलिफोनच्या तारेचं भोक, केबल टीव्हीचा मार्ग, छताजवळचा झरोका, हे सगळं वापरलं. उरलेल्या ठिकाणी पांढरी केसिंग पट्टी. जुन्या घरात केबलची वाट बहुतेक आधीच पडलेली असते, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आमच्या काकांना टेलिफोनची तार कुठून आत आली होती ते बरोबर आठवत होतं.

केबल घेताना एक गोष्ट जरूर बघा. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरट चमकते, अस्सल तांबं आतपर्यंत लालच राहतं. मुलाम्याची तार केबलच्या मानकांत बसत नाही, वाकवली की तुटते, आणि तीतून पीओईची वीज नेली तर विजेचा दाब घटतो, केबल तापते. दुकानदारासमोर खरवडून बघायला संकोच करू नका. महाराज बाडा या चौकाजवळच्या दुकानात मीटरवर अस्सल तांब्याची केबल मिळाली, ३०५ मीटरचा अख्खा डबा घ्यावा लागला नाही.

सेटिंगमध्ये पहिली गोष्ट, उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणारा एकच असावा. घरात डीएचसीपी, म्हणजे ही पत्त्यांची वाटणी, फक्त राउटर करतो. जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करताना त्याचा डीएचसीपी बंद केला, त्याला त्याच साखळीतला वेगळा आयपी पत्ता दिला आणि केबल बाहेरच्या इंटरनेटच्या वॅन पोर्टऐवजी घरातल्या नेटवर्कच्या लॅन पोर्टमध्ये लावली. हे केलं नाही तर घरात दोन नेटवर्क होतात आणि माडीवरच्या लॅपटॉपला बैठकीतला प्रिंटर सापडत नाही. ओपनडब्ल्यूआरटीबद्दल मनापासून सांगावंसं वाटतं. एका राउटरचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला झाला आणि २००४ पासून हा प्रकल्प उभा राहिला, आणि अजूनही कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी राउटरांना त्यातून सुरक्षेची अपडेट मिळत राहतात. टाकण्याआधी आपल्या मॉडेलचं नाव आणि आवृत्ती त्यांच्या यादीत ताडून बघा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतली चिप वेगळी असू शकते.

चॅनल, म्हणजे लहरींची मार्गिका, निवडण्यासाठी आधी ॲपवर शेजाऱ्यांची वायफाय कुठल्या चॅनलवर आहेत ते बघितलं. २.४ मध्ये एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सगळीकडे ते वाटून दिले आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवली. ५ गिगाहर्ट्झमध्ये पडवीला ३६ आणि माडीला १४९. भारतात २०१८ च्या अधिसूचनेने त्या पट्ट्याचा बराच भाग विनापरवाना खुला झालाय, त्यामुळे मधलेही चॅनल मिळतात. पण ५२ पासून पुढच्या मधल्या चॅनलांवर रडारला मान द्यावा लागतो: सुरू होण्याआधी निदान मिनिटभर ऐकायचं, आणि रडारची चाहूल लागली की जागा सोडायची. महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ असलेल्या शहरात ते चॅनल टाळलेलेच बरे, असं मी ठरवलं.

नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच. एका डब्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. त्यामुळे सुरुवातीला आईचा फोन बैठकीचा सिग्नल धरून माजघरापर्यंत यायचा आणि तो मरेपर्यंत सोडायचा नाही. उपाय निघाला तो ताकद कमी करण्याचा. सगळीकडे २.४ ची ताकद सर्वांत खाली आणली, ५ ची मध्यम ठेवली आणि फोनला दुसरा डबा सुचवणारी ८०२.११के आणि व्ही ही मानकं चालू केली. आता फोन वेळेवर हात सोडतो. डबा झटपट बदलून देणारं ८०२.११आर चालू केल्यावर जुना प्रिंटर जोडलाच जाईना, म्हणून ते बंद आहे.

या सगळ्याची खरी परीक्षा काकूंच्या शिकवणीत झाली. काकू मागच्या खोलीतून पुण्या-नाशिकच्या मुलींना गाणं शिकवतात. आधी मींड घेताना मधलाच तुकडा गायब व्हायचा. वरचा सूर ऐकू यायचा, खालचा ऐकू यायचा, त्यांच्या मधलं जे शिकवायचं तेच नाही. वेगाची चाचणी तेव्हाही बरी यायची. दोष होता डेटाची पॅकेट, म्हणजे तुकडे, उशिरा आणि वेळी-अवेळी पोचण्यात: राउटरपर्यंतचा पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) कधी ४ मिलिसेकंद, कधी २००. आता तो दोन ते पाचमध्ये स्थिर असतो. सोबत झूममध्ये ओरिजिनल साउंड चालू केलं, कारण एरवी ते ॲप तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून पुसून टाकतं. पहिल्या दिवशी पलीकडची मुलगी म्हणाली, "काकू, आज तानपुरा ऐकू येतोय." तेवढ्यासाठी हा सगळा खर्च झाला असता तरी मला चाललं असतं.

मे महिन्यात पहिली खरी अडचण आली. घरात लावायच्या बहुतेक उपकरणांवर ४० अंशांपर्यंतच चालवा असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पडवीतला अ‍ॅक्सेस पॉइंट दुपारी तीन-चारच्या सुमाराला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. तो पटियांना चिकटून लावलेला होता. दगड दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडत राहतो. तिथून काढून भिंतीवर दोन फूट खाली, मागे हवा खेळेल असा कंसावर लावला, त्यानंतर अख्ख्या उन्हाळ्यात एकदाही बंद पडला नाही. दगडी छताच्या घरात सीलिंगवर लावायचं उपकरण सीलिंगवर लावू नका.

विजेचंही उन्हाळ्यातच कळलं. इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की राउटर रीस्टार्ट व्हायचा आणि फायबर पुन्हा जोडला जाईपर्यंत काही मिनिटं जायची. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते दाबलं की अदलाबदल इतकी झटपट होते की उपकरणांना कळत नाही. पण त्या मोडमध्ये इन्व्हर्टर कमी दाब सहन करत नाही. संध्याकाळी व्होल्टेज खाली गेलं की तो बॅटरीवर जातो आणि बॅटरी विनाकारण उतरते. म्हणून इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवला आणि ओएनटी आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेतला. पीओई स्विचला ४८ व्होल्टच्या वर लागतात, तो या मिनी यूपीएसवर चालत नाही. तो इन्व्हर्टरवर आहे आणि क्षणभर जाऊन येतो. इंटरनेट तुटत नाही, एवढं पुरतं.

जुलैमध्ये माडीवरचा वेग एकाएकी ९४ एमबीपीएसवर अडकला. कमी नाही, जास्त नाही, नेमका ९४. हा आकडा दिसला की केबल तपासा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच: नारिंगी आणि हिरवी. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर दोन्ही टोकांची उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात आणि त्यातून हातात ९४ च्या आसपास पडतात. नेट चालू असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. स्विचवरचा दिवाही हिरव्याचा नारिंगी झाला होता. झरोक्यापाशी खारीने केबल कुरतडलेली सापडली, निळी तार उघडी पडलेली. तेवढा भाग कापला, उरलेली केबल पुरेशी लांब होती, नवीन कनेक्टर बसवला आणि झरोक्यातल्या केबलवर पाइप चढवला. पीओईची वीज या सगळ्यात चालूच होती, कारण आमचा स्विच ती नारिंगी-हिरव्या जोड्यांतून देतो.

नापसंत गोष्टीही आहेत. अ‍ॅक्सेस पॉइंटचं ॲप दर वेळी क्लाउडचं खातं उघडायला सांगतं. ब्राउझरमधून थेट सेटिंग करता येतं, पण तो रस्ता मेनूत इतका आत दडवलाय की नवख्याला सापडणार नाही. डब्यावरचा निळा दिवा रात्री डोळ्यांत जातो. तो सेटिंगमधून बंद करता येतो, लगेच करून टाका. आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, पहिल्याच दिवशी बंद करा. त्याच्या पिनमधली कमजोरी २०११ मध्येच उघड झालीय, तरी कित्येक राउटरांत ते अजून चालू येतं.

स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात अजून २.४ च मिळतं, -७२ च्या आसपास. आईला भजनं आणि रेसिपी ऐकायला तेवढं पुरतं, म्हणून तिथे चौथा डबा लावणार नाही. गच्चीवर मात्र लावायचा आहे, थंडीत सगळे तिथेच बसतात. त्यासाठी पाऊस थांबल्यावर काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी बाहेरची केबल आणि पाण्यापासून बचाव असलेला अ‍ॅक्सेस पॉइंट घेणार आहे. पीओई स्विचचा एक पोर्ट त्याच्यासाठी मोकळा ठेवलाय.