‘बुली’ आधी जिवलग होता : ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी वापरताना

मी आठवीला इंग्रजी शिकवते. जूनमध्ये शाळेच्या फलकावर बुलिंगविरोधी सूचना लागली आणि तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, बुली करणं म्हणजे मारणंच ना?” मी म्हटलं, मारायलाच हवं असं नाही, दादागिरी केली तरी ते बुलिंगच. “मग बुलीच का म्हणतात? बुल म्हणजे बैल, म्हणून?” मला सांगता येईना. “उद्या सांगते,” म्हणाले आणि रात्री ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजे शब्द कुठून आला ते सांगणारा व्युत्पत्तिकोश, उघडली.

डग्लस हार्पर या अमेरिकी गृहस्थांनी उभा केलेला हा कोश नेटवर फुकट वाचता येतो. वरच्या चौकटीत शब्द टाकायचा. नाम आणि क्रियापद यांच्या नोंदी वेगवेगळ्या येतात. ‘बुली’ची नोंद मी तीनदा वाचली. 1530 च्या दशकात त्याचा अर्थ होता लाडका, जिवलग, मग तो बाप्या असो की बाई. मूळ डच ‘बूल’, म्हणजे प्रियकर किंवा भाऊ. शेक्सपिअरच्या ‘ए मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये बॉटम विणकराला त्याचा सोबती ‘बुली बॉटम’ म्हणतो, ते प्रेमानंच. पुढं सतराव्या शतकात ‘भला गडी’चा बढाईखोर झाला आणि 1680 च्या दशकापर्यंत दुबळ्यांना छळणारा. छळण्याच्या अर्थाचं क्रियापद त्याच्याही नंतरचं, 1710 चं.

भाऊ हा अर्थ वाचला आणि मी तिथंच थांबले. आपल्या ‘दादा’चं दुसरं काय झालं? घरात दादा म्हणजे मायेचा थोरला भाऊ आणि त्याच शब्दाला ‘गिरी’ लागली की गल्लीतली दहशत. भाईचंही तेच. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एका बाजूला बुली, दुसऱ्या बाजूला दादा लिहिलं. वर्ग इतका गप्प मी क्वचितच पाहिला आहे.

अडचण एकच, पण मोठी. सगळं इंग्रजीत आणि संक्षेपांनी भरलेलं. आठवीतल्या पोराच्या हातात हा कोश थेट देता येत नाही, आधी शिक्षकानं स्वतः वाचून मराठीत मांडावं लागतं. नोंदीतलं साल म्हणजे शब्द लेखनात पहिल्यांदा सापडतो ते साल, तो जन्मला ते नव्हे, हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं. एवढं केलं की इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकानं तो वापरावा, असं मी मनापासून सांगेन.

गेल्या आठवड्यात ‘टीज’ काढला. मूळ अर्थ लोकर ओढून मोकळी करणं, पिंजणं; माणसाला सतावण्याचा अर्थ सतराव्या शतकातला. मी ‘पिंजणं’ म्हणताच दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे आजोबा गाद्या भरायचे. तिनं हवेत धनुकली धरली, तात ताणून सोडली, “टँव, टँव” असा आवाज काढला आणि म्हणाली, “बाई, एकदा मारून गाठ सुटत नाही. परत परत मारावं लागतं.” मी तिचं वाक्य ‘टीज’च्या खाली फळ्यावर लिहिलं.