मूलनिवासींसोबत भूगोल: नकाशा करावा की सहलेखन?

मूलनिवासी समाजासोबत मानवी भूगोलाचं संशोधन करायचं आणि वसाहतवादी चौकटीत अडकायचं नाही, असं ठरवलं तर समोर दोन वाटा दिसतात: लोकांसोबत त्यांच्या भूमीचे नकाशे करणं किंवा त्यांच्याबरोबर बसून लिहिणं.

नकाशाची ताकद सरकारदरबारी कळते. कॅनडात १९७० च्या दशकात इनुइट या उत्तर ध्रुवाजवळच्या मूलनिवासी समाजातल्या शिकाऱ्यांनी आपण आयुष्यभर कुठे शिकार केली, मासे धरले, मुक्काम केला, ते स्वतः नकाशांवर दाखवलं. वाटाघाटींत या नोंदींना वजन मिळालं. १९९३ मध्ये जमिनीचा करार झाला आणि १९९९ मध्ये नुनावुत हा कॅनडातलाच वेगळा प्रदेश अस्तित्वात आला.

पण नकाशाला रेषा लागते. जिथे शेजारचे समाज परवानगीने एकाच नदीवर मासेमारी करतात, तिथे रेषा ओढली की वहिवाटीचा वाद होतो. शिवाय छापलेला नकाशा कोणाच्याही हाती पडतो. मेक्सिकोतल्या ओआहाकात एका नकाशा-प्रकल्पाला अमेरिकी लष्कराचा पैसा होता. ते आम्हाला नीट सांगितलं नाही, अशी जाहीर तक्रार तिथल्या मूलनिवासी संघटनेने २००९ मध्ये केली. संशोधकांनी ती फेटाळली, तरी प्रश्न उरलाच.

सहलेखनाचं ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य आर्नहेम लँडमधलं. तिथल्या योलंगु या मूलनिवासी समाजातलं एक कुटुंब आणि विद्यापीठातल्या भूगोलतज्ज्ञ मिळून लिहितात, आणि शोधनिबंधांवर पहिलं नाव असतं ‘बावाका कंट्री’, म्हणजे त्या भूमीचंच. वारा, भरती, माणसं, प्राणी मिळून ज्ञान घडवतात, हे ते अक्षरशः मानतात. कुठली गोष्ट बाहेर सांगायची हे कुटुंब ठरवतं, आणि मला ही बाब सर्वांत मोलाची वाटते. मात्र असं नातं जुळायला वर्षं जातात. दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीत ते बसत नाही.

न्यायालयात फक्त नकाशाच चालतो, हेही आता खरं नाही. कॅनडातल्या गित्क्सान आणि वेत्सुवेतेन या मूलनिवासी समाजांच्या जमिनीच्या खटल्यात १९९१ मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या मौखिक इतिहासाला फारसं महत्त्व दिलं नव्हतं. १९९७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कागदोपत्री पुराव्याच्या बरोबरीने धरायला सांगितलं आणि नव्याने सुनावणीचा आदेश दिला.

म्हणून समाजाने स्वतः जमिनीच्या दाव्यासाठी नकाशा मागितला असेल, तर तोच करा. मागितला नसेल, तर माझा कौल सहलेखनाला. दोन्हीकडे नोंदींची मालकी कोणाची आणि त्या कुठे राहणार, हे पहिल्या मुलाखतीआधी लेखी ठरवा. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी (इनुइट आणि मेटिस सोडून तिथले मूलनिवासी समाज) १९९८ पासून हाच आग्रह धरला आहे.