एमआरआर दाखवला ४,१०,०००, निघाला १,०२,५००

रक्कम आधीच सांगून टाकतो: २२,५०,०००. एप्रिलमध्ये कोचिंग क्लासेसना हजेरी आणि फीचं सॉफ्टवेअर देणारा एक चालू धंदा विकत घेतला. एमआरआर, म्हणजे ग्राहकांकडून दर महिन्याला नेमाने येणारं उत्पन्न, जानेवारीत १,४०,०००, फेब्रुवारीत २,३०,०००, मार्चमध्ये ४,१०,०००. चर्न, म्हणजे महिन्याला सोडून जाणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण, म्हणे २ टक्के. तुम्हीही पाघळला असता.

आणि मी डोळे मिटून सही केली नव्हती. बँक स्टेटमेंट मागवलं, जीएसटी रिटर्नशी ताडलं. पै न् पै जुळली. तिथेच घात झाला. मासिक प्लॅन १,००० चा, जीएसटीसह १,१८०. मार्चच्या स्टेटमेंटमध्ये मात्र १०,६२० च्या तब्बल ४० नोंदी. मी विकणाऱ्याला बोट ठेवून विचारलंसुद्धा. "मोठे क्लासेस आहेत ते, दादा." मी मान डोलावली! ते होते सवलतीत खपवलेले ९,००० चे वार्षिक प्लॅन. बारा महिन्यांचे पैसे एकाच महिन्याच्या एमआरआरमध्ये. सेवेच्या आगाऊ रकमेवरही जीएसटी लगेच लागतो, म्हणजे रिटर्न जुळणारच. दुकानदारांची खाती लिहिणारा माणूस मी. आगाऊ घेतलेले पैसे हे देणं असतं, हे त्यांना रोज सांगतो. ९,००० ला बाराने भागायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. तीन महिन्यांतले ७० वार्षिक ग्राहक गुणिले ७५०, अधिक ५० मासिकवाले. झाला हिशेब.

चर्न? मार्चमध्ये ८ जण गेले, भागले ४०० ने. त्यात ३२० फुकट ट्रायलवाले आणि ३० वार्षिकवाले, ज्यांचे पैसे आधीच अडकलेत. उरले ५०. म्हणजे १६ टक्के, तेही महिन्याला! कितीने भागलंय ते आधी विचारा.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा एमआरआर समजावण्यात दीड तास. तिसऱ्यांदा, "सही तुमचीच ना? दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." एका हेल्पलाइनवर विचारलं, ओटीपी दिला होता का? अहो, ओटीपी दिला असता तर निदान तक्रार तरी घेतली असती! वकिलाने नोटिशीचे १५,००० घेतले. नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत.

डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट कुणी दाखवला तर उठून या. ग्राहकागणिक यादी मागा: कधी आला, कुठला प्लॅन, शेवटचे पैसे कधी. वार्षिकवाल्यांची उरलेली सेवा किमतीतून वजा करा, कारण ती पुढे तुम्हालाच द्यायची असते. काल एका क्लासवाल्याचा फोन आला, हजेरी उघडत नाही म्हणून. त्याचे ९,००० दुसऱ्याच्या खिशात, सर्व्हरचं बिल माझ्या नावावर.